शाश्वत विकास : काटकसर कोणाची, परंपरा कोणाची?

आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पण गेली सहा वर्षे ‘पर्यावरण अभ्यास’ हा सक्तीचा विषयही माझ्याच माथी आहे. पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला, त्यातून पुढे हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. शास्त्र शाखेच्या प्राध्यापकांना तो नको असतो, इंग्रजीच्या प्राध्यापकांना वेळ नसतो, आणि सरकत सरकत उरलेले काम ज्याच्याकडे येते तो या देशात कोण असतो, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. असो. तक्रार नाही. या निमित्ताने, एरवी माझ्या हाती कधीच पडले नसते असे सरकारी वाङ्मय मला वाचावे लागले. वाङ्मय हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. सरकारचे धोरणपत्र हीसुद्धा एक संहिता असते. तिला निवेदक असतो, तिला नायक असतो, तिच्यात परंपरा असते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात कोणाला स्थान नाही हेही ठरलेले असते. कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो ते या संहितेला विचारायला काय हरकत आहे?

प्रश्न पहिल्यांदा मी विचारला नाही. एका विद्यार्थिनीने विचारला. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ‘लाइफ’ म्हणजे पर्यावरणपूरक जीवनशैली ही कल्पना मांडली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडियाला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांच्या उपस्थितीत, तिची मोहीम सुरू झाली. (केवडिया म्हणजे सरदार सरोवर. त्या धरणाच्या फुगवट्याने आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तेहतीस गावांवर पाणी आणले. काटकसरीच्या जीवनाचा संदेश द्यायला दुसरी जागा मिळाली नाही.) या मोहिमेने नागरिकांसाठी पंचाहत्तर कृतींची यादी काढली आहे. जवळ जायचे तर सायकल वापरा. सिग्नलला गाडीचे इंजिन बंद करा. लिफ्टऐवजी जिना चढा. अन्न वाया जाऊ नये म्हणून लहान ताट घ्या. आहारात भरडधान्य आणा. ओला कचरा आणि सुका कचरा घरातच वेगळा करा. जुने कपडे, जुनी पुस्तके दान करा. महाविद्यालयात प्रतिज्ञा झाली, फोटो निघाले, अहवालाची सोय झाली. मी वर्गात यादी वाचून दाखवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आईवडील दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. ती म्हणाली, ‘‘सर, जुने कपडे दान करा म्हणजे आपण द्यायचे का घ्यायचे?’’

वर्ग हसला. मला हसता आले नाही. मी बारावीपर्यंत जे शर्ट घातले त्यांतला एकही माझ्यासाठी शिवलेला नव्हता.

समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर त्या मुलीने संहितेचा ‘अभिप्रेत वाचक’ कोण, हे एका वाक्यात शोधून काढले होते. ही यादी ज्याच्याशी बोलते त्याच्याकडे गाडी आहे, लिफ्ट आहे, मोठे ताट आहे, नकोसे झालेले कपडे आहेत. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याला ही यादी काय सांगते? काहीच नाही, कारण तो आधीच ‘शाश्वत’ जगतो आहे. त्याचे ताट लहानच आहे. भरडधान्याला २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ म्हटले गेले. तेच वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. आमच्या घरी बाजरीला कोणी श्री लावल्याचे मला आठवत नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा तिच्या पदरात परदेशातून आलेली तांबडी मिलो पडली. तिची चव ती मरेपर्यंत विसरली नाही आणि ‘श्री’ हा शब्द तिने त्या चवीसाठी खात्रीने वापरला नसता.

१९७२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे इंदिरा गांधींनी विचारले होते की दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नव्हेत काय? त्यांचा रोख श्रीमंत देशांकडे होता. आधी आमची गरिबी हटू द्या, मग आम्हाला शहाणपण शिकवा, असा. तो रोख रास्तच होता. पण गंमत पाहा. १९७२ साली गरीब माणूस प्रदूषक होता. २०१५ साली तोच माणूस आदर्श झाला. त्रेचाळीस वर्षांत त्याच्या ताटात फारसा फरक पडला नसेल. त्याच्याविषयीचे वाक्य तेवढे बदलले.

२०१५ चा हा मसुदा मूळातून वाचण्यासारखा आहे. पॅरिस परिषदेच्या आधी प्रत्येक राष्ट्राने आपले हवामानविषयक निवेदन द्यायचे होते. भारताने ते ऑक्टोबर २०१५ मध्ये, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून दिले. उत्सर्जन, वीज, जंगल यांचे आकडे त्यात आहेत, ते असायलाच हवेत. पण सुरुवात आकड्यांनी होत नाही. सुरुवातीला यजुर्वेदातला शांतिमंत्र आहे. पृथ्वीला शांती, पाण्याला शांती, वनस्पतींना शांती. मग या देशातला माणूस पशुपक्ष्यांना आणि झाडाझुडपांना आपल्या कुटुंबातलेच मानत आला, असे सांगितले आहे. संयम ही आपली संस्कृती असल्याचे सांगितले आहे, त्यासाठी योगाचा दाखला आहे. निसर्गाचे आपण विश्वस्त आहोत हा गांधीजींचा विचार आहे. आणि देशाच्या संकल्पांच्या यादीत पहिला संकल्प कोणता? जतन आणि संयम या परंपरांवर व मूल्यांवर आधारलेली निरोगी, शाश्वत जीवनपद्धती जगापुढे ठेवणे. २०२२ मध्ये हे निवेदन सुधारले, त्यातही हाच संकल्प पहिला राहिला. ‘लाइफ’ची लोकचळवळ त्याला जोडली गेली, एवढेच.

म्हणजे ही केवळ प्रस्तावनेतली शोभा नव्हे. परंपरा हा इथे राष्ट्रीय धोरणाचा पहिला आकडा आहे. मग या परंपरेची झडती घेणे आले.

पाण्याला शांती असो, या मंत्रापासूनच आरंभ करू. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती. अस्पृश्याला तेवढी बंदी होती. पशूंना कुटुंबातले मानणारी संस्कृती ती हीच. तिच्या कुटुंबात बैलाला जागा होती, महाराला नव्हती. आणि आपल्या स्पर्शाने ते पाणी बाटल्यावर काय झाले? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या पाण्याच्या एकशेआठ घागरी तळ्यात ओतल्या गेल्या आणि ब्राह्मणांच्या मंत्रघोषात तळे ‘शुद्ध’ झाले. पाण्यावर म्हटलेल्या मंत्राचा आमच्या इतिहासातला अनुभव हा असा आहे. राष्ट्राच्या वतीने जगापुढे मंत्र म्हणणाऱ्याला हा अनुभव ठाऊक नसेल असे मी मानत नाही. त्याला तो राष्ट्राचा वाटत नाही, एवढेच.

आता जतन आणि संयम. काहीही वाया जाऊ न देणे, एका कामातला टाकाऊ माल दुसऱ्या कामाचा कच्चा माल करणे, याला हल्ली चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न असतो. माझ्या पणजोबांना हा प्रश्न सोपा गेला असता. गावात जनावर मेले की त्यांनी ते ओढायचे. कातडे गावाकडे, पाटलाच्या मोटेला, शेतकऱ्याच्या पायताणाला. मांस महारवाड्यात. उरलेल्या मांसाच्या चान्या करून त्या वाळवायच्या आणि पावसाळ्यात शिजवायच्या. हाडेसुद्धा विकली जात. मेलेल्या ढोराचे काहीच वाया जात नव्हते. वाया जात होता तो ओढणारा माणूस. या ‘चक्रा’तून बाहेर पडा, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, ही शिकवण महाडच्या परिषदेतच दिली गेली. आमच्या माणसांनी उपास काढले पण ढोरे ओढणे सोडले. गावोगाव त्यासाठी बहिष्कार सोसला. ‘जतना’च्या परंपरेविरुद्ध बंड करून आम्ही माणसे झालो. त्या परंपरेचा गौरव आता आम्ही कोणत्या तोंडाने करायचा?

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला होता. त्यामागून आलेल्या आत्मकथनांच्या रांगेत भाकरीचा तुकडा, उष्टे, प्रेतावरचे कापड हे पानोपानी आहे. प्रस्थापित समीक्षेने त्याला कधी दाहक वास्तव म्हटले, कधी एकसुरीपणा म्हणून नाक मुरडले. पण आज या मसुद्यासमोर ती पुस्तके ठेवून पाहावीत. एकाच समाजाने एकाच काळात किती कमी खाल्ले, किती कमी नेसले याच्या या दोन नोंदी आहेत. एकीत त्याचे नाव संयम आहे, दुसरीत उपासमार. सरकारी संहितेला उत्तर आपल्या साहित्याने ती लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीच देऊन ठेवले आहे. आपल्या टीकाकारांनी ते त्या दृष्टीने अजून वाचलेले नाही.

काटकसर वाईट असे मला म्हणायचे नाही. ज्याच्याकडे आहे त्याने सोडले तर तो त्याग. ज्याच्याकडे नाही त्याचे नसणे हा त्याग नव्हे. हा भेद बाबासाहेबांनी १९५० साली ‘महाबोधी’ नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना फार स्पष्टपणे मांडला आहे. धर्म कसा असावा याच्या त्यांनी ज्या कसोट्या दिल्या त्यांतली एक अशी की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, त्याचे उदात्तीकरण करता कामा नये. त्याआधी, १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची तपासणी करतानाही त्यांनी यंत्रांची बाजू घेतली, ती याच कारणाने. यंत्रामुळे कष्टकऱ्याला उसंत मिळते, आणि उसंत मिळाल्याशिवाय माणसाला संस्कृती नाही. ‘निसर्गाकडे चला’ ही हाक बहुसंख्यांसाठी उघडेपणाकडे आणि घाणीकडे जाण्याची हाक ठरते. बाबासाहेब पाण्याचे आणि विजेचे शत्रू नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्याच खात्याने केली. त्यांना विकास हवा होता. पण तो कोणाच्या पाठीवरून जातो हे पाहण्याचा अधिकारही हवा होता.

इथे एक शब्द थांबवून धरतो. हिंदीत या धोरणाला ‘सतत विकास’ म्हणतात. मराठीच्या सरकारी भाषांतरकाराने ‘शाश्वत विकास’ केले. ‘टिकाऊ’ हा साधा शब्द होता, तो बाजारातला म्हणून नको झाला असावा. शाश्वत म्हणजे जे कधी बदलत नाही ते. आमच्या कानाला हा शब्द सनातनाचा सख्खा भाऊ लागतो. तथागतांनी ज्या दोन टोकांपासून दूर राहायला सांगितले त्यांतले एक ‘सस्सतवाद’, म्हणजे शाश्वतवाद. दुसरे उच्छेदवाद. काहीच शाश्वत नाही, सर्व काही कारणांनी उत्पन्न होते आणि कारणे बदलली की बदलते, ही शिकवण घेऊन १९५६ साली आम्ही नागपूरला नवा जन्म घेतला. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने ‘शाश्वत’ हा शब्द परीक्षेत लिहावा, पण लिहिताना विचारावे : या गावात आजवर शाश्वत काय राहिले? नदी आटली. जंगल गेले. गावरान बियाणे गेले. गावकूस तेवढे राहिले.

हे सारे म्हणत असताना एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, नाहीतर ही टीका एकांगी होईल. जगाच्या चावडीवर भारत सरकार जे बोलते ते मला मान्य आहे. कोळसा आणि तेल जाळून दीडशे-दोनशे वर्षे श्रीमंत झालेल्या देशांनी हवा बिघडवली. आज भारतीय माणसामागे कार्बन वायूचे उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकन माणसामागे त्याच्या जवळपास सातपट. मग सर्वांना एकच पट्टी लावणे हा अन्याय आहे. १९९२ च्या हवामानविषयक करारात याला शब्द सापडला आहे : जबाबदारी सामाईक, पण विभेदित. ज्याने जास्त बिघडवले आणि ज्याची ऐपत जास्त, त्याने जास्त सोसावे, आणि इतिहासात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वाढायला वाव द्यावा. पूर्वजांच्या कृत्याला आम्ही जबाबदार कसे, असे श्रीमंत देश म्हणतात. भारत त्यांना सुनावतो की त्या कृत्याचा लाभ तुम्ही आजही घेत आहात.

वाचकहो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो की नाही? हा अक्षरशः राखीव जागांचा युक्तिवाद आहे! जो जिनिव्हाला आणि पॅरिसला देशाची इज्जत राखतो तोच गावात, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये जातीयवादी ठरतो. ‘पूर्वजांनी केले, आम्ही काय करावे?’ हे वाक्य मी चहाच्या सुट्टीत किती वेळा ऐकले आहे. ते म्हणणाऱ्यांपैकी एक गृहस्थ हवामान बदलावरच्या परिसंवादात श्रीमंत राष्ट्रांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर निबंध वाचून आले.

आणि दोन टनांची ती सरासरी कशी निघते? ज्याच्या घरात वातानुकूलन यंत्र आणि दारात दोन गाड्या आहेत त्याला, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या उसाच्या पाचटाच्या खोपीला, एकत्र मोजून. तिच्या अंधाराने त्याचा उजेड भागला जातो. परदेशात तिची गरिबी दाखवून वाव मिळवायचा, आणि तो मिळाल्यावर आत कोणी किती घ्यायचा याची पट्टी मात्र नाही. २०१५ चा मसुदा दोन पिढ्यांमधील समतेबरोबर एकाच पिढीतील समतेचाही उच्चार करतो. उच्चार करतो, आणि पुढच्या वाक्याला जातो.

कोणी म्हणेल, निवेदन परराष्ट्रांसाठी असते. देशातला हिशेब वेगळा ठेवला जातो. तो हिशेबही मी पाहिला. संयुक्त राष्ट्रसंघाने सप्टेंबर २०१५ मध्ये सतरा ध्येये आणि एकशे एकोणसत्तर लक्ष्ये स्वीकारली, २०३० ही मुदत घातली. आपल्याकडे नियोजन आयोग जाऊन १ जानेवारी २०१५ पासून आलेल्या नीती आयोगाने या ध्येयांवर राज्यांना गुण द्यायला डिसेंबर २०१८ पासून सुरुवात केली. देशाचे गुण तेव्हा शंभरात ५७ होते. २०२३-२४ च्या निर्देशांकात ते ७१ झाले. सहावे ध्येय, शुद्ध पाणी आणि स्वच्छता, यात तर ६३ वरून ८९. हे गुण पेयजल, शौचालये, भूजल, कारखान्यांचे सांडपाणी अशा निर्देशकांवर मिळतात. शौचालये बांधली गेली ही चांगलीच गोष्ट आहे. माझ्या मायला पहाटेच्या अंधारात ओढ्याकडे जावे लागत नाही, याचे मोल मी कमी करणार नाही. पण शौचालयाखाली टाकी असते, आणि टाकी भरते. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ चे आणि २०१३ चे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख भरपाई ठरवली. आणि सफाई कामगारांची जी गणना सरकारने ‘नमस्ते’ योजनेखाली केली, तिच्यात २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे अडतीस हजार माणसांपैकी एकोणसत्तर टक्के अनुसूचित जातींची निघाली. एकूण लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती साडेसोळा टक्क्यांच्या थोड्या वर आहेत. हे ३७७ मृत्यू सहाव्या ध्येयाच्या ८९ गुणांतून एक गुणही वजा करत नाहीत. त्यांच्यासाठी तिथे रकानाच नाही.

जात निर्देशांकात अजिबात नाही असे मात्र नाही. २०२०-२१ च्या आवृत्तीत दहाव्या ध्येयाखाली, विषमता कमी करणे या सदरात, ती दोन ठिकाणी सापडते. एक, विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींच्या सदस्यांचे प्रमाण. ते राज्यघटनेनेच राखून ठेवलेले आहे. त्याबद्दल राज्याला गुण कशाचे? दोन, अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांचा दर. हा दर नोंदलेल्या गुन्ह्यांवरून काढतात. ज्याने कोणी अत्याचाराची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढली असेल त्याला पुढचे सांगायची गरज नाही. फिर्याद लिहून घेतली नाही की गुन्हा नाही, गुन्हा नाही की दर कमी, दर कमी की राज्य विषमता निर्मूलनात पुढे. जिथे आमची माणसे धीर करून तक्रार करतात ते राज्य मागे पडते!

हे सर्व मी कदाचित लिहिले नसते. सरकारी कागदावर टीका करून कोणाचे काय होते, असे मलाही वाटत असे. पण मागच्या वर्षी पावसाळ्याआधी मी गावी गेलो तेव्हा मायने ट्रंकेतून एक नोटीस काढून पुढे केली. ‘‘काय लिहिलंय रं बाबा ह्याच्यात? तलाठी म्हनला, उन्हाची वीज करनार हायती.’’

गायरानातली दोन एकर जमीन माझ्या आजोबांनी १९८३ च्या सुमारास फोडली. मुरमाड माळ होता तो. गुरेसुद्धा तिकडे फिरकत नव्हती. आजोबा दादासाहेब गायकवाडांचे माणूस; १९५९ चा आणि पुढे १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ज्यांनी पाहिला त्या पिढीतले. ‘कसेल त्याची’ हे त्यांना शब्दशः खरे वाटत होते. त्यांनी दगड वेचले, बांध घातला, दरवर्षी अतिक्रमणाचा दंड भरला आणि पावत्या जपून ठेवल्या. मराठवाड्यात ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्याकडे दंडाच्या पावत्या असतात. गुन्हा केल्याचा कागद हाच हक्काचा पुरावा! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. आजोबांनी अर्ज केला. बापाने केला. नाव ‘एक-ई’च्या नोंदवहीत आहे, सातबाऱ्यावर चढलेले नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला, त्यात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला होता. गायरानधारकाच्या कानावर निकाल जातो, अपवाद जात नाही.

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे, आणि कोळशाच्या राखेत कोणत्या वस्त्या राहतात हेही मला माहीत आहे. पण राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या अटी डोळ्यांखालून घाला. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या जमिनीवर ऊन पडले की त्याचे पैसे होतात. ज्याने चाळीस वर्षे माळ कसला त्याच्या जमिनीवरचे ऊन फुकट. देशातल्या वहितीखालील जमिनीपैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन अनुसूचित जातींकडे आहे, असे कृषिगणना सांगते. सव्वा लाखाचे धनी कोण होणार आणि नोटिसा कोणाला जाणार, हे ठरवायला कोणी मुद्दाम दुष्ट असण्याचीही गरज नाही. जुनी व्यवस्था आहे तशी ‘शाश्वत’ ठेवली तरी पुरते.

धोरणपत्रात या जमिनीला एक नाव आहे : पडीक. माझ्या मायच्या तोंडी तिला ‘आपला तुकडा’ म्हणतात. त्यात ती तूर आणि बाजरी घेते. तिचे ताट लहान आहे, तिला सायकलसुद्धा नाही, तिने आयुष्यात लिफ्ट दोनदा पाहिली, दोन्ही वेळा दवाखान्यात. पंचाहत्तर कृतींच्या कसोटीवर तिला पैकीच्या पैकी गुण पडतील. त्या गुणांवर नोटीस मागे घेतली जात नाही.

मी नोटिशीला उत्तर लिहिले. वकिलाने ते पाहून दोन परिच्छेद काढायला सांगितले, एक मी ठेवला. त्यात लिहिले आहे की ऐतिहासिक अन्यायाची दखल घेऊनच जबाबदारी वाटली पाहिजे, ही भारत सरकारची आंतरराष्ट्रीय भूमिका आहे, आणि अर्जदार बाई तीच भूमिका तालुक्याच्या पातळीवर घेत आहेत. वकील म्हणाले, ‘‘सर, तहसीलमध्ये हे कोण वाचणार?’’ अर्जासोबत एक-ईचा उतारा, १९९१ च्या शासन निर्णयाची प्रत आणि १९८४ पासूनच्या दंडाच्या एकोणीस पावत्या जोडल्या आहेत. काही पावत्यांवरची शाई उडाली आहे. त्यांच्या छायाप्रती नीट निघाल्या नाहीत, म्हणून मूळ प्रती सुनावणीला घेऊन जायच्या आहेत. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. माय यंदाही तूर पेरणार आहे.